वेफर गरम होते की गार

जितेंद्र फालक गेला तेव्हा पुण्याच्या पेपरात त्याचा मोठा फोटो आला. कोट, टाय, हाताची घडी, मागे काचेची इमारत. माझ्या मुलानं, योगेशनं, तो मला मोबाइलवर दाखवला आणि म्हणाला, "बाबा, जितूकाका इतने बडे आदमी होते, तुम्ही कधी बोललेच नाही."

मी म्हटलं, "मोठा असेल पुण्यात. माझ्याकडे तो वर्षातून एक फोन करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा."

खरंच तसं होतं. पॅकेजिंगच्या एका कंपनीत जितू साधा सुपरवायझर म्हणून चिकटला आणि चढत चढत तिचा एमडी झाला. चिप्स, बिस्किटं, शेव, देशभर जे काही पाकिटात विकलं जातं, त्यातली बरीच पाकिटं त्याच्या कारखान्यांतून निघायची. हजारभर माणसं त्याच्या हाताखाली. पण दर आठ फेब्रुवारीला सकाळी साडेनऊला हा हजार माणसांचा साहेब मला फोन लावायचा. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. सरळ विचारायचा, "काय रे भो, वेफर गरम होते ना?"

मी म्हणायचो, "गार होते."

"खरं सांग."

"गार म्हणजे गार. तुझा कागदच फालतू होता."

मग आमचं दहा मिनिटं कडाक्याचं भांडण व्हायचं. शेवटी तो म्हणायचा, "बरं, पुढच्या वर्षी विचारतो," आणि त्यानंतर कुठे बायकापोरांची, पावसापाण्याची, केळीच्या भावाची चौकशी सुरू व्हायची. मोबाइल नव्हते तेव्हा तो पोस्टकार्ड टाकायचा. एक ओळ आणि खाली सही. आमच्या पोस्टमननं एकदा मला अगदी काळजीनं विचारलं होतं, "श्रीकांतभाऊ, हे वेफर गरम की गार, काही कोर्टाचं मॅटर आहे का?"

कोर्टाचं नव्हतं. पण मॅटर होतं, आणि ते सांगायचं म्हणजे सन शहाऐंशीत जावं लागतं.

आम्ही दोघं बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात बीएस्सीला. मी इच्छापूर रोडवरच्या गावचा, केळीवाल्या महाजनांचा मुलगा. जितू नेपानगरचा. त्याचे वडील सखारामकाका मूळचे भुसावळकडचे, नेपानगरच्या पेपर मिलमध्ये नोकरीला लागले आणि तिथलेच झाले. जितू रोज पॅसेंजरनं यायचा. मी केळी घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरवर बसून यायचो. त्यामुळे त्याच्या कपड्यांना इस्त्री असायची आणि माझ्या कपड्यांवर केळीच्या चिकाचे डाग. चिकाचा डाग धुऊन जात नाही, हे केळीवाल्यांच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. कॉलेजातल्या मुलींना माहीत नसतं. त्यांना वाटायचं हा आंघोळच करत नाही.

तिसऱ्या वर्षाला गॅदरिंग ठरलं, आठ फेब्रुवारीला. खाण्याचा स्टॉल कोण लावणार, असं सरांनी विचारलं आणि जितूनं माझा हात धरून वर केला. पुढचा सगळा बेत त्यानं कँटीनमध्ये एका चहात सांगून टाकला. केळी माझी, कागद त्याचा. माझ्या घरी कच्च्या केळीचे वेफर तळायचे आणि त्याच्याकडच्या कोऱ्या वर्तमानपत्री कागदाच्या पुड्यांत भरून विकायचे. त्यानं नावही ठरवलं होतं. श्रीजित वेफर्स. श्रीकांतमधला श्री, जितेंद्रमधला जित. रबरी शिक्का बनवायला टाकूनच तो आला होता.

आता केळीवाल्याच्या मुलाला केळ्यापलीकडे काही सुचत नाही आणि मिलवाल्याच्या मुलाला वाटतं की जगातली कुठलीही वस्तू कागदात बांधली की झालं. आम्हा दोघांना एकत्र आणलं की काय होणार, हे दुसऱ्या कुणालाही दिसलं असतं. आम्हाला दिसलं नाही. तेलकट वेफर आणि तेही टीपकागदासारखं तेल पिणाऱ्या कागदात! पण जितूच्या कॉलनीत खाऱ्या दाण्यांपासून शाळेच्या डब्यापर्यंत सगळं त्याच कागदात बांधलं जायचं, म्हणून त्याला त्यात काही चूक वाटली नाही. त्यानं आठ दिवस बसून कणकेच्या खळीनं दोनशे पुड्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर जांभळ्या शाईचा शिक्का मारला.

सात तारखेला आमच्या अंगणात कढई चढली. तळायला माझी आई, मालूबाई. तिचा हात असा की किसणी थेट उकळत्या तेलावर धरायची, चकत्या पडल्या की मिठाच्या पाण्याचा शिपका मारायची, आणि कढई अशी गर्जायची की गल्लीतली कुत्री लांब पळायची. दुपारी तीनपर्यंत दोन मोठ्या टोपल्या भरल्या. तेवढ्यात मामाकडून बोलावणं आलं, मामीला दवाखान्यात नेलं होतं. निघताना आईनं पेटीतून वडिलांचं धुतलेलं पांढरं धोतर काढून माझ्या हातात दिलं.

"हे पसर अन् त्याच्यावर घाल सगळे. उन उन भरू नको बरं, वाफ धरते. सकायपर्यंत राहू दे तसेच. सकायी उठून भर."

"हो आई."

"हो म्हनतो अन् करत नाही तू."

आईला मी चांगला माहीत होतो.

झालं काय, की त्याच संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाला केळीचे खांब लावायचे होते आणि ते आणायचं काम माझ्याकडे होतं. खांब सकाळीही नेता आले असते. पण त्या संध्याकाळी फाटकासमोर रांगोळी काढायला कोण कोण येणार, याची यादी नोटीस बोर्डावर लागली होती आणि तिच्यात शारदा चौधरीचं नाव होतं. बीएच्या दुसऱ्या वर्षाची. आता दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बसून पुड्या भरत राहिलो तर गॅदरिंगला नट्टापट्टा करून वेळेवर पोचणं कठीण, आणि आत्ता धोतरावर वेफर पसरून राखण करत बसलो तर रांगोळी चुकणार. मी उभ्या उभ्या निर्णय घेतला. धोतराची घडी तशीच बाजूला ठेवली, टोपल्या पुढ्यात ओढल्या आणि दोनशेच्या दोनशे पुड्या त्याच वेळी भरून टाकल्या. वेफर इतके गरम होते की बोटं भाजत होती. मग धोतर पेटीत ठेवलं, खांब ट्रॅक्टरवर टाकले आणि निघालो.

शारदानं त्या संध्याकाळी माझ्याकडे पाहिलं. "खांब चांगले आहेत," असं ती म्हणाली. एवढंच. पण मला ते तीन वर्षं पुरलं, आणि तीन वर्षांनी तिच्या वडिलांनी स्वतः होऊन आमच्याकडे स्थळ आणलं.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते बुऱ्हाणपुरात अजून काही म्हातारे सांगतात. पुड्या उघडल्या तेव्हा वेफर सादळून चामड्यासारखे झाले होते. चावताना तोंडातून आवाज यायचा नाही. त्याहून वाईट म्हणजे वाफेनं आणि तेलानं शिक्क्याची शाई विरघळून आत उतरली होती. पण फुकट म्हणून पहिल्या पुड्या पाहुण्यांच्या टेबलावर गेल्या होत्या, आणि समारंभात पुढे आलेलं पाहुणे खातातच. प्रिन्सिपॉल भाषणाला उभे राहिले आणि "प्रिय विद्यार्थ्यांनो" म्हणताना त्यांची जीभ दिसली. जांभळीजर्द. पाठोपाठ प्रमुख पाहुणे हसले, त्यांचे दात जांभळे. पहिल्या रांगेतले प्राध्यापक एकमेकांना जीभ काढून दाखवू लागले तेव्हा तर मागची मुलं बाकांवर चढली.

स्टॉलमागे जितू माझ्याकडे वळला. त्याची स्वतःची जीभ जांभळी होती. त्यानं विचारलं, "काय रे भो, वेफर गरम होते ना?"

आणि मी म्हणालो, "गार होते. रात्रभर धोतरावर होते."

एवढा एकच खोटा शब्द. त्या वेळी बोललो कारण प्रिन्सिपॉल आमच्याकडेच येत होते. नंतर कबूल केलं असतं, पण नंतर कारण विचारलं असतं, आणि कारण शारदा होती. जितूला ते कळलं असतं तर त्यानं आख्ख्या कॉलेजभर केलं असतं. मग लग्न झालं, मग तर काही सांगायचीच सोय नाही. माझी समजूत होती की शारदाला वाटतं, त्या संध्याकाळी मी खांब घेऊन सहज आलो होतो. मग भांडणाचीच सवय झाली. जितू म्हणायचा गरम, मी म्हणायचो गार. फेब्रुवारी उजाडला की माझी बोटं आपोआप फोन चाचपायची.

गेल्या वर्षी त्याचा फोन ऑगस्टमध्ये आला. श्रावणातली सकाळ, मी मळ्यात केळीच्या घडांना पिशव्या बांधत होतो. फेब्रुवारी नसताना फोन. हातातली पिशवी तशीच सोडून मी तो घेतला. तो हॉस्पिटलात आहे हे ऐकलं होतं, पण आवाज इतका बारीक झाला असेल असं वाटलं नव्हतं. तो म्हणाला, "काय रे भो. आता तरी सांग. गरम होते ना?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी ओठावर आलं होतं, की हो रे बाबा, गरम होते, बोटं भाजत होती, चुकलं माझं. पण मला वाटलं, आत्ता कबूल केलं तर त्याला कळेल की हा माझा निरोप घेतोय. मी म्हटलं, "गार होते. तुझा कागद फालतू."

तो थोडा हसला. "बरं, पुढच्या वर्षी विचारतो," म्हणाला. पाच दिवसांनी गेला.

त्यानंतर पाच महिने मी त्याच एका गोष्टीवर घोटाळत होतो. माणूस मरताना एक गोष्ट मागत होता, साधी, फुकटची, आणि मी दिली नाही. शारदा विचारायची, तुम्हाला जेवण का जात नाही. मी म्हणायचो पित्त झालंय.

जानेवारीत कंपनीचं पत्र आलं. फालकसाहेबांच्या स्मरणार्थ त्यांच्या कॉलेजला प्रयोगशाळा देत आहोत, कार्यक्रमाला जुना वर्गमित्र म्हणून आपण दोन शब्द बोलावेत. मी त्याच दिवशी ठरवलं. तिथे सांगायचं, माइकवर, सगळ्यांदेखत. जितूला सांगता आलं नाही, निदान त्याच्या फोटोला तरी सांगायचं.

कार्यक्रम थाटाचा होता. पुण्याहून गाड्या आल्या होत्या, फुलांत जितूचा तोच कोटवाला फोटो, आणि चहाच्या टेबलावर कंपनीच्याच पाकिटांतले केळीचे वेफर. मी एक पाकीट उचलून दाबून पाहिलं. हवेनं टम्म फुगलं होतं, शिवण पक्की, आतून चंदेरी. गड्यानं बदला घेतला होता म्हणायचा.

खुर्चीवर एक छापील पुस्तिका ठेवली होती. तिच्यात लिहिलं होतं, "विद्यार्थिदशेतच साहेबांनी वेष्टनशास्त्रावर मौलिक प्रयोग केले." मला असा जोरात ठसका लागला की शारदानं पाण्याची बाटली पुढे केली.

सूत्रसंचालन करणारी कंपनीची बाई तरुण होती, फार गोड बोलायची. एक चिठ्ठी हातात देऊन माझ्या कानाशी म्हणाली, "काका, बस दो मिनट. लीडरशिप क्वालिटीबद्दल बोला ना. पॉझिटिव्ह काही." माझ्याआधी चार जण बोलले. दूरदृष्टी, शिस्त, ध्येय. जितू दूरदृष्टीचा होता! वर्गात मागच्या बाकावरून फळा दिसायचा नाही म्हणून माझ्या वहीत बघायचा. पहिल्या रांगेत त्याची बायको ज्योतीवहिनी आणि मुलगी मृणाल बसल्या होत्या. मृणाल पस्तिशीची असेल. ती सगळ्यांचं ऐकत होती, मान हलवत होती, पण दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असा तिचा चेहरा होता.

माझं नाव पुकारलं. माइकपुढे उभा राहिलो. मी लीडरशिपची चिठ्ठी खिशात ठेवली आणि सरळ सुरुवात केली.

"चाळीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये मी आणि जितूनं प्रिन्सिपॉलांची जीभ जांभळी केली होती."

मागून कुणीतरी म्हाताऱ्या आवाजात ओरडलं, "मी होतो!" आणि हॉल सैल झाला. मी सगळं सांगितलं. कढई, पुड्या, खळ, शिक्का. कंपनीची माणसं आधी एकमेकांकडे बघत होती, मग हसायला लागली. मौलिक प्रयोग म्हटल्यावर तर ज्योतीवहिनींनी तोंडाला पदर लावला. मग मी पोस्टकार्डांचं सांगितलं, फोनचं सांगितलं आणि हॉस्पिटलच्या फोनपाशी येऊन थांबलो. पुढचं वाक्य मी घरी पन्नास वेळा म्हणून आलो होतो. ते निघेना. मी फोटोकडे वळलो.

"जितू," मी म्हटलं, "वेफर गरम होते. धोतर मी पसरलंच नाही. मला रांगोळी बघायला जायचं होतं. तुझा कागद वाईट होता, पण पहिली चूक माझी होती. चाळीस वर्षं खोटं बोललो. आणि तू शेवटचं विचारलंस तेव्हाही खोटंच बोललो. मला माफ कर रे भो."

टाळ्या झाल्या की नाही ते मला आठवत नाही. मी खाली आलो तेव्हा डोळ्यांसमोर सगळं धूसर होतं. शारदानं मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही सहज नव्हता आला तर."

"नाही."

"मला माहीत होतं. सहज आलेला माणूस दोन खांब लावायला तीन तास घेत नाही."

चहाच्या वेळी मृणाल माझ्याकडे आली. डोळे ओले होते, पण हसत होती, आणि हसताना नाक थेट जितूसारखं फुगत होतं.

"काका, बाबांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"वेफर गरम होते ते. तुमच्या आईनं सांगितलं होतं. गॅदरिंगनंतर बाबा तुमच्या घरी माफी मागायला गेले होते, माझा कागद वाईट निघाला म्हणून. तुम्ही मळ्यात होतात. आजींनी पेटीतून धोतर काढून त्यांच्यापुढे पसरलं. म्हणाल्या, बघ, याला तेलाचा एक तरी डाग दिसतो का? एवढे वेफर पडले असते तर हे पिवळं झालं असतं."

मी खुर्ची ओढून बसलो. चाळीस वर्षं! आई जाईपर्यंत एका शब्दानं बोलली नाही. आणि हा लबाड दरवर्षी सगळं माहीत असून विचारायचा.

"मग विचारायचा कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मीही तेच विचारलं होतं. ते म्हणाले, अगं, त्यानं कबूल केलं तर पुढच्या वर्षी फोन कशाला करू?" ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. "आणि काका, तो शेवटचा फोन मीच लावून दिला होता. फोन ठेवल्यावर बाबा किती तरी वेळ हसत होते. मला म्हणाले, अजून गारच म्हणतोय. बरं झालं. तो गरम म्हणाला असता ना, तर मी घाबरलो असतो."

पाच महिने छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून नेला आणि त्याच्या जागी जितू येऊन बसला, त्याच फुगलेल्या नाकानं हसत. मी सगळ्या पुणेकरांसमोर धोतरानं डोळे पुसावेत तसे उपरण्यानं पुसले. मग टेबलावरचं एक पाकीट फोडलं आणि मृणालपुढे धरलं. वेफर कुरकुरीत होते. मीठ थोडं कमी होतं. आईनं नाव ठेवलं असतं.

त्या रात्री मी दोनदा भात घेतला.

मग फेब्रुवारी आला. मी मनाशी म्हणत होतो, या वर्षी आठ तारीख इतर तारखांसारखीच जाईल, उगाच वाट बघायची नाही. तरी सकाळी नऊपासून फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. मळ्यात कटाई चालू होती, घड गाडीत चढत होते. साडेनऊला फोन वाजला. पुण्याचा नंबर.

"काय हो काका," मृणाल म्हणाली, "वेफर गरम होते ना?"

हातातला कोयता मी खाली ठेवला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माइकवर कबूल केलेलं, तिनं स्वतः समोर बसून ऐकलेलं.

"कोण म्हणतं?" मी म्हटलं. "गार होते."

"खरं सांगा."

"गार म्हणजे गार. तुझ्या बापाचा कागदच फालतू होता!"

माझा आवाज इतका चढला की घड उचलणारे मजूर थांबून बघायला लागले. पलीकडे ती हसत होती. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं काका," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी विचारते."